पुस्तकाची अवस्था आणि वाचकाचा दर्जा

लाल ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, चष्म्यालाच काहीतरी लागलं असेल. चष्मा पुसला, पुन्हा लावला. ओळ होती तिथेच होती. संगणकाच्या पडद्यावर, मी लिहिलेल्या नियमाच्या खाली: 'या दोन किमती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत. यांची तुलना करता येत नाही.'

मी लिहिलेला नियम, असं म्हणताना जीभ जरा अडखळते. आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं. निवृत्त झाल्यावर ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विभागात सकाळचा बसायला लागलो. पगार घेत नाही, त्यामुळे मला कुणी जा म्हणत नाही. एवढाच माझा तिथे अधिकार. तरीही हा एक नियम माझा होता, कारण ज्या दिवशी माझ्या भाचीने तो संगणक बसवून दिला त्या दिवशी टेबलाशी मीच बसलो होतो, आणि ती म्हणाली, "मामा, तूच लिही. तुझी पुस्तकं, तुझे वाचक."

भाची संगणकाची कामं करते. चाळिशी ओलांडली आहे, पण आम्ही तिला अजून छकुलीच म्हणतो आणि तिने ते आता सोडून दिलं आहे, म्हणजे तक्रार करणं सोडून दिलं आहे. तिने मला समजावलं होतं की या यंत्राला नियम सांगायची एक छोटीशी भाषा आहे. तिच्यात आधी याद्या द्यायच्या. अशा ठरावीक किमतींच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या शब्दांच्या, यादीला ते लोक 'एनम' म्हणतात. त्या यादीत जे आहे तेवढंच जगात आहे, बाहेरचं काही नाही, असं यंत्र धरून चालतं. मी दोन याद्या दिल्या. पुस्तकाची अवस्था: धड, जुनी, नाजूक, मोडकी. वाचकाचा दर्जा: नवा, नेहमीचा, अभ्यासू, विश्वासाचा. मग नियम लिहिला. पुस्तकाची अवस्था, त्यापुढे 'पेक्षा लहान किंवा समान' अशी खूण, त्यापुढे वाचकाचा दर्जा. तसं असेल तर पुस्तक द्यायचं.

आणि ते चाललं. धड पुस्तक कुणालाही मिळायचं. नाजूक पुस्तक अभ्यासूला मिळायचं, नेहमीच्याला नाही. मोडकं पुस्तक फक्त विश्वासाच्या माणसाला. वाचकाचा क्रमांक टाकला, पुस्तकाचा टाकला, की पडद्यावर 'हो' नाहीतर 'नाही'. कितीतरी वर्षं हे असं चाललं, आणि मला मनातून जरा बरंच वाटायचं. आपल्याला काहीतरी जमलं, असं.

आता भाचीनेच सुट्टीच्या दिवशी त्या भाषेची नवी आवृत्ती घातली होती आणि सोमवारी ही लाल ओळ आली. यंत्र 'हो' म्हणेना आणि 'नाही'ही म्हणेना. नुसतं लाल.

ग्रंथपालबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणतंय, काका?"

"तुलना करता येत नाही म्हणतंय."

"कशाशी कशाची?"

"अवस्थेची आणि दर्जाची."

त्यांनी ते दोन्ही शब्द मनात म्हणून पाहिले असावेत. "मग आत्तापर्यंत कशी करत होतं?"

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बघतो." हा शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरला आहे. भाचीला फोन करायला हवा होता. पण सोमवारी सकाळी तिला त्रास द्यायचा, आणि तोही माझ्या नियमात चूक निघाली हे सांगायला, असं वाटून मी थांबलो. मी ती खूण पुन्हा पुन्हा वाचली. 'पेक्षा लहान किंवा समान.' यातलं कुठलं त्या भाषेला नको असेल? मी 'पेक्षा लहान' काढून टाकलं, नुसतं 'समान' ठेवलं. लाल ओळ नाहीशी झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून खिडकी उघडली.

मग वाचक यायला लागले. पहिल्या मुलीने चांगल्या धड अवस्थेतलं व्याकरण मागितलं. पडद्यावर आलं, 'नाही.' मी तिची माफी मागितली. नंतरच्या गृहस्थांनाही नाही. त्यांच्यानंतरच्या दोघांनाही नाही. मला विचित्र वाटत होतं हे खरं, पण नवी आवृत्ती होती, ती माझ्यापेक्षा शहाणी असणार. इतकी वर्षं आपणच फार सढळ होतो की काय, असंही वाटून गेलं. दुपारपर्यंत मी येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवलं आणि प्रत्येकाची मनापासून माफी मागितली.

शेवटी घड्याळवाले आले.

घड्याळवाल्यांचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद आहे. उंच, वाकलेले, नेहमी गळ्यापर्यंत बटण लावलेले. त्यांची पत्नी मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहे, आणि ते तिला रोज दुपारी वाचून दाखवतात. गेले कित्येक महिने एकच पुस्तक चालू होतं: एका सर्वेक्षकाचा जुना प्रवास, चार भागांत. एका नदीचा उगम शोधायला निघालेला माणूस. तीन भाग वाचून झाले होते. चौथा भाग मोडका होता. पाठ सुटलेली, कडा बिस्किटासारख्या. असा भाग घरी न्यायची परवानगी ज्या थोड्या माणसांना होती त्यांत घड्याळवाले होते. विश्वासाचे.

मी क्रमांक टाकले. 'नाही.'

"असं कसं?" ते म्हणाले. चिडून नाही. त्यांनी आपलं सभासदाचं कार्ड उचलून पाठीमागून पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं असेल. "माझं काही चुकलं का?"

"नाही हो. तुमचं कसं चुकेल."

"इतक्या वर्षांत मला इथे कुणी नाही म्हटलं नव्हतं." ते म्हणाले. "तिसऱ्या भागाच्या शेवटी तो झोपडीत तापाने पडलाय. वाटाडे सोडून गेलेत. हिला मी काय सांगू?"

"पुढच्या आठवड्यात या, मी विचारून ठेवतो."

"पुढच्या आठवड्यात कसं? सोमवारी गाडी येणार आहे ना."

ते मी विसरलोच होतो. येत्या सोमवारी मोडकी पुस्तकं दुरुस्तीला मध्यवर्ती भांडारात जाणार होती. तिथून पुस्तक परत यायला वर्ष लागतं, कधी दोन. कधी येतच नाही, दुसऱ्याच ग्रंथालयाच्या खोक्यात जातं.

"तिला मी दोन वर्षांचं सांगू शकत नाही," घड्याळवाले म्हणाले. "म्हणजे सांगीन. पण ती म्हणेल, मला दोन वर्षांचं काही सांगू नका."

त्यांनी कार्ड पुन्हा टेबलावर ठेवलं, आणि तेव्हा मला दिसलं. कार्ड टेबलावर टकटक वाजत होतं. त्यांचा हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. त्यांनी कार्ड पटकन खिशात घातलं आणि गेले.

मी बसून राहिलो. यंत्र 'नाही' म्हणालं होतं ते मला चुकीचं वाटत होतं. पण आता माझा जुना नियम 'हो' म्हणाला असता, तर ते तरी बरोबर होतं का? मला काही कळेना. मी भाचीला फोन केला आणि लाल ओळीचं सांगितलं.

"लाल ओळ गेली कशी, मामा? मला इथून दिसतच नाहीये."

"मी घालवली."

तिचा आवाज हुबेहूब माझ्या थोरल्या बहिणीसारखा झाला, म्हणजे तिच्या आईसारखा.

"घालवली म्हणजे काय केलंस?"

"'पेक्षा लहान' काढलं. नुसतं 'समान' ठेवलं. मग ती काही बोलेना."

"ती बोलेना म्हणजे तिला पटलं, असं नसतं रे. घरात राहिलायस ना तू?" मग तिला हसू आलं असावं. "हे बघ. तू विचारतोयस, हे दोन समान आहेत का? ती म्हणते, नाही. दोन वेगळ्या याद्यांतल्या किमती कधीच समान नसतात. मोडकी म्हणजे विश्वासाचा आहे का? नाही. धड म्हणजे नवा आहे का? नाही. त्यात तिला काही अडचण नाही, सरळ उत्तर आहे, म्हणून लाल काही येत नाही. पण मोडकी ही विश्वासाच्यापेक्षा लहान आहे का, असं विचारलंस तर त्याला उत्तरच नाही. म्हणून ती ओरडत होती."

"म्हणजे आज कुणालाच पुस्तक मिळालं नसतं."

"कुणालाच नाही. थांब, तू दिवसभर सगळ्यांना परत पाठवलंस की काय?"

"सगळ्यांना नाही. दुपारपर्यंतच्यांना."

मग ती म्हणाली, "उद्या येते."

"पण आधी कसं चालायचं ते सांग ना."

"आधी ती नावं बघतच नव्हती. यादीत कितवं आहे एवढंच बघायची. नाजूक यादीत तिसरं, अभ्यासू तिसरा, झालं जमलं. तू सोमवारपासून वारांची यादी दिली असतीस तर तिने नाजूक आणि बुधवार समान धरले असते."

नाजूक आणि बुधवार. मला ते अगदीच चुकीचं वाटलं नाही, पण मी तसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊनच आली, म्हणजे वेळ लागणार हे तिला माहीत होतं. आधी तिने माझं 'समान' काढून सगळं तात्पुरतं थांबवलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"आता सांग. तुला विचारायचं काय होतं?"

"पुस्तक द्यावं की नाही."

"ते झालं उत्तर. प्रश्न काय होता? अवस्था आणि दर्जा यांची तुलना करून तुला काय कळणार होतं?"

मी विचार केला. खरंच केला. इतकी वर्षं तो नियम माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्याचा अर्थ मला माहीत आहे असंच मी समजत होतो. आता कुणी सरळ विचारल्यावर तो हातातून निसटत होता. शब्दकोशात एखादा रोजचा शब्द शोधावा आणि तिथे दिलेला अर्थ वाचून आपणच गोंधळावं, तसं काहीसं.

"बरं, राहू दे," ती म्हणाली. ती माझ्याशी वागताना कधी कधी मलाच मोठी वाटते. "तुलना नकोच. प्रत्येक जोडी लिहायची. मोडकी आणि नवा, हो की नाही. मोडकी आणि नेहमीचा, हो की नाही. सगळ्या जोड्या. त्या तू सांग, मी घालते. मग कुणी कुणापेक्षा लहान नाही आणि मोठं नाही."

तिने पाठकोऱ्या कागदावर चौकटी आखल्या. मी भरायला लागलो. धडच्या रांगेत सगळीकडे 'हो'. जुनीच्या रांगेत पहिलं 'नाही', बाकी 'हो'. सोपं होतं. मी भराभर लिहीत गेलो, आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या चौकटीशी येऊन पेन थांबलं. मोडकी आणि विश्वासाचा.

"काय झालं?"

"इथे घड्याळवाले आहेत."

"इथे कुणी नाहीये, मामा. इथे एक जोडी आहे."

"पण त्या जोडीत घड्याळवाले आहेत ना."

तिने डब्याचं झाकण उघडलं. "मग 'हो' लिही. त्यांना पुस्तक द्यायचंय ना तुला?"

"त्याच चौकटीत प्राध्यापकही आहेत."

प्राध्यापकांबद्दल तिला मी पूर्वी सांगितलेलं होतं. ते पान उलटायला जिभेवर बोट लावतात, आणि पुस्तक मिटताना खूण म्हणून चष्म्याचं घर आत ठेवतात. त्यांच्या हातून एका शब्दकोशाची पाठ गेली होती, त्यावरून ग्रंथालयाच्या समितीत बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून ग्रंथपालबाईंचा हुकूम होता की यंत्र 'हो' म्हणेल तरच पुस्तक दाराबाहेर.

"ते कसे विश्वासाचे?" भाचीने विचारलं.

"पुस्तकं वेळेवर परत करतात. एकदाही चुकले नाहीत."

"अच्छा. म्हणजे दर्जा म्हणजे वेळेवर परत करणं."

"हो. तसंच धरलं होतं आपण."

"मी नव्हतं धरलं. आणि अवस्था म्हणजे?"

"कागद. शिवण. पाठ."

"वेळेवर परत करण्याचा आणि कागद फाटण्याचा काय संबंध?"

संबंध काहीच नव्हता. एकीकडे मी माणसाची वक्तशीरपणाची सवय मांडली होती आणि दुसरीकडे कागदाचं वय, आणि मध्ये 'पेक्षा लहान' अशी खूण घालून निवांत बसलो होतो.

"मग इतकी वर्षं चाललं कसं ते?"

"ते मला विचारतोस?" ती घास घेत म्हणाली. "चाललं, कारण तू टेबलाशी होतास. लोकांना 'जपून हं, जपून हं' करत असशील. ती चौकट ठरव आणि मला कळव. तोवर बाकीच्या चालू करते."

मला ठरवता येईना. 'हो' म्हटलं तर प्राध्यापकांच्या बोटाला 'हो' होतं. 'नाही' म्हटलं तर झोपडीतला तापकरी तिथेच पडून राहणार. आणि घड्याळवाल्यांचं कार्ड टेबलावर टकटक वाजलेलं मला ऐकू येत होतं. 'हो' त्यांच्याही हाताला म्हणायचं का? दोन दिवस मी ती चौकट खिशात घेऊन फिरलो. शेवटी तिसरा भाग परत न्यायचं निमित्त करून शुक्रवारी त्यांच्या घरी गेलो. मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. दारावर थाप मारली तीसुद्धा इतकी हळू की दुसऱ्यांदा मारावी लागली.

वहिनी खिडकीशेजारच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, नजर तरतरीत. मी दारातच होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "या भावोजी. मेला का हो तो सर्वेक्षक?"

"मला माहीत नाही. मी वाचलं नाही."

"इतकी वर्षं त्या पुस्तकांपाशी बसता, आणि वाचलं नाही?"

"मोडकी पुस्तकं मी उघडत नाही. आणखी मोडतील म्हणून."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत का? म्हणजे यांनाही ठाऊक नाही. मला वाटलं होतं, यांना विचारलं की काम होईल." मग माझ्याकडे बघून, "थोडं मोठ्याने बोला बरं. तुमचं निम्मं मला ओठांवरूनच कळतंय."

घड्याळवाल्यांनी चहा करायला आत जाता जाता तिसरा भाग माझ्यापुढे ठेवला. मी उलटून पालटून पाहिला. पानं एकूण एक शाबूत. एकाही कोपऱ्याला घडी नाही. पण पाठीला, वरच्या टोकाशी, एक बारीक भेग होती. नेताना ती नव्हती.

"ती यांच्या हातांमुळे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पानं मी उलटते. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा आहे ना, तो पानाखाली सारायचा आणि अलगद वर घ्यायचं. बोट लावत नाही मी. वाचतात हे. पण धरायचं कुणी? मला इतका वेळ उचलून धरवत नाही. हे उशीवर ठेवतात आणि वरून धरतात, तर ती उशीही हलते. मी म्हटलं, आपण समुद्राचं वर्णन वाचतोय का."

आतून कपबशी वाजली. बराच वेळ वाजत राहिली.

"तुमच्या यंत्राला सांगा," त्या म्हणाल्या, "माझे हात चांगले आहेत म्हणावं. मी सभासद होते हवं तर."

"तुम्ही सभासद झालात तर नव्या व्हाल."

"या वयात?" त्यांना ते फार आवडलं. "अहो, ऐका, मी नवी होतेय."

मी सगळं समजावायचा प्रयत्न केला. दोन याद्या, चौकटी, तुलना करता येत नाही ते. माझंच मला नीट सांगता येत नव्हतं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, निदान माझे ओठ तरी लक्ष देऊन बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी त्या यादीतच नाही."

"नाही."

"आणि हे आहेत, पण यांचे हात नाहीत."

"हो. म्हणजे, हात कुणाचेच नाहीत त्या यादीत."

घड्याळवाले चहा घेऊन आले. बशीत बराच सांडला होता. मला सुचेल तसं मी म्हणालो, "मी ग्रंथालयात बसून वाचून येतो आणि तुम्हाला सांगतो. किंवा इथे येऊन वाचून दाखवतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "राग मानू नका. पण तुमचा आवाज या कपात मावेल. मला यांचा ऐकायची सवय आहे." आणि मग हळूच, "भावोजी, शेवट काय हे मला नुसतं कळायला नकोय. मला तो ऐकायचाय. तुम्ही सांगितलात तर माझा तिसऱ्या भागाचा पैसाही वसूल होणार नाही."

तिसरा भाग पिशवीत घालून मी निघालो. जाताना वाटलं होतं, घर बघून आल्यावर ती चौकट आपोआप भरेल. आता तर काहीच सुचत नव्हतं. वाचक म्हणजे कोण? वाचणारा, की उलटणारी, की धरणारा? मी यादीत एकच जागा ठेवली होती.

रस्त्यातून भाचीला फोन केला.

"त्या चौकटीत 'नाही' लिही."

"नक्की?"

"नक्की नाही. पण लिही. प्राध्यापकांच्या बोटाला मी 'हो' म्हणू शकत नाही."

"आणि घड्याळवाले?"

"ते मला अजून कळलेलं नाही." मग एकदम मनात आलं म्हणून विचारलं, "छकुली, माझा दर्जा काय दाखवतंय गं यंत्र?"

बटणांचा आवाज आला. मग ती हसायला लागली आणि थांबेचना. "नवा. मामा, तू नवा आहेस. तू आजपर्यंत एकही पुस्तक नावावर नेलेलं नाहीयेस."

म्हणजे माझ्याच नियमाने मला एखादं जुनं पुस्तकसुद्धा मिळालं नसतं, मोडकं तर दूरच. कुठूनही बघितलं तरी यंत्र 'नाही'च म्हणणार होतं. विचित्र गोष्ट अशी की हे कळल्यावर मला जरा मोकळं वाटलं. आता यंत्राला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माणसाला विचारावं लागणार होतं, आणि ते मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

शनिवारी ग्रंथपालबाईंच्या खोलीच्या दाराबाहेर मी इतका वेळ उभा राहिलो की त्याच म्हणाल्या, "काका, आत या नाहीतर जा. मला दारात सावली पडली की सुचत नाही."

मी आत गेलो. "सर्वेक्षकाच्या प्रवासाचा चौथा भाग," मी म्हणालो, "आज आणि उद्या दुपारी बाहेर न्यायचाय. सोमवारी गाडीच्या आधी टेबलावर असेल."

"कुणासाठी?"

"घड्याळवाल्यांच्या पत्नीसाठी. वाचणार घड्याळवाले."

"यंत्र काय म्हणतंय?"

"नाही म्हणतंय."

"तुमच्या नव्या चौकटीत?"

"हो. मीच 'नाही' लिहायला सांगितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हीच नाही लिहिलंत, आणि तुम्हीच न्यायचं म्हणता."

"हो."

"मला समजत नाहीये, काका."

"मलाही नीटसं समजलेलं नाही," मी म्हणालो, आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. "एरवी नाहीच द्यायचं. ते बरोबर आहे. पण तिथे पानं त्या उलटतात, पुठ्ठ्याने, आणि फार चांगली उलटतात. वाचतात ते. फक्त धरायला कुणी नाही. ते मी धरतो. पुस्तक माझ्या हातातून सुटणार नाही. समितीने विचारलं तर माझं नाव सांगा."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मला वाटलं, आता त्या विचारतील की तुमचा दर्जा काय. त्यांनी विचारलं नाही. "प्राध्यापक परवा हेच पुस्तक मागून गेले," त्या म्हणाल्या. "त्यांना मी काय सांगायचं?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला काय माहीत आहे, काका?"

बाई उठल्या, मागच्या कपाटातून मऊ कापडाचा तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"यात गुंडाळा. तुमच्या पिशवीतून जाईल आणि तुमच्याच पिशवीतून येईल. त्यांच्या घरी रात्री राहणार नाही. आणि यंत्रात काही घालू नका, मला ती लाल ओळ पुन्हा बघायची नाही."

दुपारी त्यांच्या घरी पलंगाशेजारी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एकीवर घड्याळवाले, हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवून. दुसरीवर मी. मी पुस्तक बाहेर काढलं, कापडासकट दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि पाठीवर ताण येणार नाही एवढंच उघडलं, म्हणजे अर्धवट. घड्याळवाल्यांना माझ्या खांद्याशी झुकून वाचावं लागणार होतं. वहिनींना पलंगावरून हात लांब करावा लागणार होता. आम्ही तिघे इतके जवळ आलो की मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी पानाकडेच बघत राहिलो.

घड्याळवाल्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आवाज ठणठणीत होता. तो कुठेच थरथरत नव्हता. ताप उतरला होता, पण सर्वेक्षकाला आपण कुठल्या दिशेने आलो तेच आठवत नव्हतं. त्याने होकायंत्र काढलं, तर ते ओलं झालेलं. पान संपलं. वहिनींचा पुठ्ठा कडेने आत सरकला, पान हलकेच वर उठलं आणि पलीकडे जाऊन बसलं.

हात दुखायला लागले होते. आपण हे बरोबर करतोय की नाही, ते मला अजूनही सांगता आलं नसतं. प्राध्यापकांनी येऊन विचारलं असतं की मी का नाही, तर मी त्यांना काय म्हणालो असतो, याचा विचार मनात चालूच होता. त्या नादात माझी पकड जराशी बदलली असावी.

घड्याळवाले मध्येच थांबले. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "मेला का?"

"नाही गं. यांचा अंगठा आलाय ओळीवर."

"भावोजी," त्या म्हणाल्या, "अंगठा घ्या जरा खाली. त्याला रस्ता दिसू दे."

मी अंगठा खाली घेतला.